नव्या संगणकात जुना पत्रव्यवहार

धान्याच्या व्यापाऱ्याने स्मरणिकेसाठी लिहावयाचे म्हणजे बाजाराचा वार्षिक आढावा घ्यावा, असा प्रघात आहे. परंतु तुरीचे आणि हरभऱ्याचे भाव स्मरणिका छापून सभासदांच्या हाती पडेपर्यंत शिळे होतात, आणि शिळ्या भावाचा कोणास काही उपयोग नाही. म्हणून या खेपेस आम्ही निराळाच विषय घेतला आहे. जुना संगणक काढून नवा बसविताना त्यातील ई-मेलचा प्रोग्राम व त्यात साठलेली वर्षानुवर्षांची पत्रे नव्या यंत्रात सुखरूप कशी न्यावीत, हा तो विषय होय. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतच झालेले. संगणकशास्त्राचा आम्ही दावा करीत नाही. परंतु पेढीवरील पत्रव्यवहार आम्ही स्वतः सांभाळतो, आणि सभासदांना त्यातून काही उपयोगाचे सांगता येईल असे वाटते.

हा विषय आताच घेण्यास कारण आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीस सर्वसाधारण सुरक्षा-दुरुस्त्या पुरविणे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केले. विंडोज ११ चढविण्यास यंत्रात टीपीएम २.० नावाची सोय लागते आणि प्रोसेसरही अलीकडचा लागतो. त्यामुळे पेढ्यांवरील अनेक जुनी यंत्रे एकाएकी निवृत्तीच्या वयास येऊन पोहोचली. त्याच आठवड्यात धनत्रयोदशी आली होती. साहजिकच पुष्कळांनी मुहूर्तावर नवे यंत्र घेतले, आणि ज्यांनी घेतले नाही ते आज ना उद्या घेणार आहेत.

नवे यंत्र बसविणाऱ्या माणसास प्रत्येक व्यापारी एक प्रश्न न चुकता विचारतो: ‘टॅली नीट येईल ना?’ टॅलीतील आकडे म्हणजे वही, आणि वही हरवली तर काय होते हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु ‘आमच्या ई-मेलचे काय?’ असे विचारणारा क्वचितच आढळतो. ई-मेल म्हणजे हवेतील वस्तू, पासवर्ड घातला की कोठूनही खाली उतरते, अशी समजूत दृढ झाली आहे. ही समजूत निम्मी खरी आणि निम्मी खोटी आहे, आणि व्यापाऱ्याचे नुकसान होते ते खोट्या निम्म्याकडून.

पत्राचे मोल आपल्या व्यापारास नवे नाही. लिंबायत ही वस्ती उधना जंक्शनच्या कुशीत वाढली. तापी व्हॅली रेल्वेने भुसावळ, अमळनेर, नंदुरबार या बाजूची माणसे सुरतेस आणली. त्यांच्यामागून खानदेशची ज्वारी, बाजरी आणि डाळीही आल्या. मागणी पोस्टकार्डाने जावयाची, तातडीचा भाव तारेने यावयाचा, रोकड व मोलाचे कागद आंगडियाच्या हाती. तार तर १५ जुलै २०१३ पासून बंदच झाली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्य लोकांस इंटरनेट खुले केले, आणि पुढील दहा-पंधरा वर्षांत पोस्टकार्डाची जागा ई-मेलने घेतली. आज भावाची बोलणी व्हॉट्सअ‍ॅपवर होतात हे खरे. परंतु सौद्याची खातरजमा, मालाच्या प्रतीचा अहवाल, बिल, बिल्टीची प्रत, बँकेची पत्रे हे सर्व अद्यापि ई-मेलनेच येते. पूर्वी पेढीवर तारेत ओवलेली पत्रे भिंतीस टांगलेली असत. आजची ती तार संगणकाच्या पोटात आहे, एवढाच फरक.

कायद्यानेही या पत्रांस वजन दिले आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या चौथ्या कलमाने इलेक्ट्रॉनिक नोंदीस लेखी कागदाची मान्यता दिली. सातव्या कलमात अशी नोंद कशी जपावी हेही सांगितले आहे: ती पुढे केव्हाही पाहता आली पाहिजे, मूळ ज्या स्वरूपात आली त्या किंवा तिच्याशी तंतोतंत जुळणाऱ्या स्वरूपात असली पाहिजे, आणि ती कोठून निघाली, कोणास गेली, कोणत्या तारखेस व वेळेस, हा तपशील तीत सापडला पाहिजे. पत्राचा मजकूर कागदावर छापून ठेवला म्हणजे काम झाले असे मानणाऱ्यांनी हे कलम एकदा अवश्य वाचावे. छापील कागदावर तपशिलाचा मोठा भाग येतच नाही. तो मूळ पत्राच्या शीर्षभागात दडलेला असतो.

ट्रायमेक्स इंटरनॅशनल विरुद्ध वेदान्त अ‍ॅल्युमिनियम या प्रकरणाची हकिकत तर प्रत्येक व्यापाऱ्याने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. बॉक्साइट या खनिजाच्या पाच जहाजांचा सौदा २००७ मध्ये दोन पक्षांत ई-मेलने ठरला. औपचारिक करारपत्रावर सह्या झाल्या नव्हत्या. पुढे खरेदीदाराने अंग काढून घेताच वाद उभा राहिला. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये असा निर्णय दिला की ई-मेलने देकार आणि स्वीकार झालेला आहे, सबब करार पूर्ण झाला होता. आणि वाद लवादाकडे सोपविला. आपला सौदा बॉक्साइटच्या जहाजांचा नसेल, डाळीच्या दोनशे कट्ट्यांचा असेल, तत्त्व तेच. मात्र विक्रेत्यापाशी ती पत्रे होती म्हणूनच ते तत्त्व त्यास उपयोगी पडले.

जीएसटीच्या कायद्याप्रमाणे हिशेब व कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. म्हणजे २०२४-२५ या वर्षाचे विवरण देण्याची तारीख ३१ डिसेंबर २०२५, आणि कागद जपावयाचे ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत. एवढ्या अवधीत पेढीवरील संगणक एकदा तरी बदलणारच. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ अन्वये इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात दाखल करताना ज्या यंत्रातून ती काढली त्याविषयीचे प्रमाणपत्रही जोडावे लागते. पत्र कोणत्या यंत्रातून कोणत्या यंत्रात केव्हा नेले हे लिहून ठेवण्याची सवय त्या दृष्टीनेही बरी.

आता अडचण कोठे येते ते पाहू. लिंबायतच्याच एका व्यापाऱ्याची गोष्ट आहे. नाव देण्याचे प्रयोजन नाही. त्यांनी एका गिरणीकडून तूरडाळ घेण्याचा सौदा केला, आणि गिरणीने भाव ई-मेलने कळविला. माल येण्यापूर्वी बाजार चढला आणि बिल चढत्या भावाने आले. दरम्यान यांच्याकडे नवे यंत्र आले होते. बसविणाऱ्या तंत्रज्ञाने प्रोग्राम घातला, खाते जोडले, एक नवे पत्र मागवून दाखविले, आणि जुने यंत्र बदल्यात घेऊन गेला. त्याने आपल्या समजुतीप्रमाणे काम चोख केले होते. परंतु जुनी पत्रे त्या जुन्या यंत्रातच होती आणि ती दुसऱ्या दिवशी पुसली गेली. भावाचे पत्र दाखविता येईना; गिरणी म्हणाली की आमच्याकडेही सापडत नाही. अखेरीस फरकाची रक्कम निम्मी-निम्मी करून प्रकरण मिटविले. रक्कम गेली याहून बोलाचे मोल गेले याचे त्यांस अधिक दुःख झाले. नवे पत्र येते याचा अर्थ जुनी पत्रे आली असा होत नाही, एवढे जरी वाचकांच्या ध्यानी राहिले तरी या लेखाचे पुष्कळसे काम झाले.

असे का घडते हे समजण्यास ई-मेल आणण्याचे दोन मार्ग समजून घ्यावे लागतात. पहिल्यास पॉप म्हणतात. यात पोस्टमन पत्र दुकानात टाकून जातो. पोस्टात त्याची प्रत उरत नाही, किंवा उरली तरी काही दिवसांपुरती. आउटलुकमध्ये हा अवधी बहुधा १४ दिवसांचा ठेवलेला आढळतो. दुसऱ्यास आयमॅप म्हणतात. यात पत्र पोस्टातच राहते आणि आपण दुकानात बसून त्याची प्रत पाहतो. पंधरा-वीस वर्षांपूर्वी जोडलेली खाती, विशेषतः पेढीच्या स्वतःच्या नावाची, बहुतांशी पॉपची असतात, कारण त्या काळी सर्व्हरवर जागा थोडी मिळे व महाग पडे. पॉपच्या खात्यात पत्रांची एकमेव प्रत आपल्या संगणकात असते. ती नेली तर आली, न नेली तर गेली.

आयमॅपवाल्यांनी मात्र निर्धास्त होऊ नये. जुने यंत्र विकण्यापूर्वी ‘साफसफाई’ म्हणून कोणी प्रोग्राम उघडून पत्रे पुसली, तर ती पोस्टातूनही पुसली जातात आणि क्षणार्धात नव्या यंत्रातूनही नाहीशी होतात. घरातील मुले उत्साहाने हे काम अंगावर घेतात. त्यांस आधी सांगून ठेवावे. शिवाय आयमॅपच्या प्रोग्राममध्येही ‘लोकल फोल्डर्स’ नावाचा भाग असतो. सर्व्हरवर जागा भरली की जुनी पत्रे ओढून तेथे ठेवण्याची रीत आहे. तेथील पत्रे पोस्टात नसतात; ती निव्वळ आपल्या यंत्राची. एकाच खात्यात अशी दोन्ही प्रकारची पत्रे असू शकतात हे पुष्कळांस ठाऊकच नसते.

तेव्हा पहिले काम म्हणजे आपले खाते कोणत्या प्रकारचे आहे आणि पत्रे नेमकी कोठे पडली आहेत याचा शोध घेणे. प्रोग्रामच्या अकाउंट सेटिंग्जमध्ये खात्याच्या नावापुढे पॉप की आयमॅप हे लिहिलेले असते. ते कागदावर टिपून घ्यावे. त्याचबरोबर येणाऱ्या व जाणाऱ्या पत्रांच्या सर्व्हरची नावे व पोर्टचे आकडेही टिपावेत. पासवर्ड ठाऊक असल्याची खात्री आधीच करावी. वर्षानुवर्षे यंत्र तो आपोआप भरत असते आणि मालकास तो आठवत नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

आमच्या पेढीवर थंडरबर्ड हा प्रोग्राम आहे. मोझिलाने तो २००४ मध्ये प्रथम पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध केला. तो विनामूल्य आहे. त्याची रचना जुन्या मुनिमाच्या पेटीसारखी आहे. पत्रे, पत्ते, खात्यांची माहिती, पासवर्ड, पत्रे आपोआप वाटून लावण्याचे नियम, सर्व एकाच फोल्डरात. त्यास प्रोफाइल म्हणतात. पेटी उचलली की सर्व आले. ती सापडण्यास प्रोग्रामच्या हेल्प या भागातील ट्रबलशूटिंगची माहिती उघडावी. तेथे प्रोफाइल फोल्डर असे लिहून शेजारी ते उघडण्याचे बटण दिलेले असते. विंडोजमध्ये हे फोल्डर ऍपडेटा, त्यात रोमिंग, त्यात थंडरबर्ड, त्यात प्रोफाइल्स अशा ठिकाणी असते. ऍपडेटा हे फोल्डर विंडोज दडवून ठेवते. सहज पाहता दिसत नाही, आणि म्हणूनच ‘माय डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप सर्व कॉपी केले’ असे सांगणारा तंत्रज्ञ पत्रे मागेच ठेवून येतो.

कॉपी करण्यापूर्वी प्रत्येक फोल्डर कॉम्पॅक्ट करावे. थंडरबर्डमध्ये पुसलेले पत्र लगेच जागा सोडत नाही. कॉम्पॅक्ट केल्यावरच सोडते. त्यायोगे ओझे कमी होते. मग प्रोग्राम पूर्णपणे बंद करावा. उघड्या प्रोग्रामची कॉपी म्हणजे मुनीम लिहीत असतानाच वही ओढून घेणे, पान फाटते. त्यानंतर रोमिंगमधील संपूर्ण थंडरबर्ड फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावे. येथे एक खाचखळगा आहे. पुष्कळ पेन ड्राइव्ह फॅट ३२ या पद्धतीने बांधलेले असतात व त्यावर ४ जीबीहून मोठी एक फाइल मावत नाही. ज्यांनी इनबॉक्समध्येच वर्षानुवर्षे पत्रे साठविली, त्यांची इनबॉक्सची एकच फाइल तेवढी होऊ शकते. मग ‘फाइल फार मोठी’ असा संदेश येतो, माणूस तो वगळून पुढे जातो, आणि नेमका इनबॉक्सच राहून जातो. यास्तव एक्सफॅट किंवा एनटीएफएस पद्धतीने बांधलेली डिस्क घ्यावी.

नव्या यंत्रात थंडरबर्डची जुनी नव्हे, तर जुन्या यंत्राइतकीच किंवा तिच्यापुढची आवृत्ती बसवावी. मागची आवृत्ती पुढच्या आवृत्तीचे प्रोफाइल उघडत नाही. प्रोग्राम बसवून, एकदाही न उघडता, आणलेले फोल्डर रोमिंगमध्ये त्याच जागी ठेवावे व मग उघडावा. खाती, पत्रे, पत्ते, सर्व पूर्वीप्रमाणे समोर दिसते. ज्यांचा संग्रह लहान आहे, २ जीबीच्या आतला, त्यांस टूल्समधील एक्स्पोर्ट व इम्पोर्ट या सोयीनेही काम करता येईल. मोठ्या संग्रहास ती चालत नाही.

एक सावधगिरी मात्र अवश्य घ्यावी. पूर्वी सी भाग भरला म्हणून काही तंत्रज्ञांनी पत्रे डी भागात हलविलेली असतात. मग प्रोफाइल उचलले तरी पत्रे मागे राहतात, आणि नव्या यंत्रात फोल्डरांची नावे दिसतात पण आत काही नाही. अकाउंट सेटिंग्जमध्ये सर्व्हर सेटिंग्जच्या तळाशी ‘लोकल डिरेक्टरी’ असा रकाना असतो. पत्रे खरोखर कोठे आहेत ते तो रकाना सांगतो. प्रत्येक खात्याचा तो रकाना पाहावा, लोकल फोल्डर्सचाही.

ज्यांच्याकडे ऑफिसबरोबर येणारा आउटलुक आहे त्यांची पत्रे पीएसटी नावाच्या एका फाइलीत असतात. पत्ते व कॅलेंडरही तीतच. अकाउंट सेटिंग्जमधील डेटा फाइल्स या पानावर तिचा पत्ता मिळतो. आउटलुक बंद करून ती फाइल उचलावी, नव्या यंत्रात डॉक्युमेंट्समध्ये ठेवावी, आणि फाइल या भागातून ‘आउटलुक डेटा फाइल उघडा’ या सोयीने जोडावी. पॉपचे खाते नव्याने जोडताना पत्रे याच आधीच्या फाइलीत यावीत असा पर्याय निवडता येतो. म्हणजे जुने आणि नवे एकाच वहीत राहते. ओएसटी नावाची फाइल आढळल्यास तिच्या नादी लागू नये. ती आयमॅप किंवा एक्सचेंज खात्याची प्रत असून दुसऱ्या यंत्रात उघडत नाही; तेथे खाते जोडले की नवी आपोआप तयार होते. परंतु आयमॅप खाते असतानाही जुनी पत्रे आर्काइव्ह म्हणून वेगळ्या पीएसटीत ठेवलेली असतात, ती शोधून काढावी. पीएसटी फाइल दुकानातील दुसऱ्या यंत्रावर ठेवून नेटवर्कवरून चालवू नये, ती बिघडते. विंडोज ११ सोबत येणारा नवा आउटलुक आणि ऑफिसचा जुना क्लासिक आउटलुक हे एक नव्हेत. पीएसटीचे काम क्लासिकमध्येच करावे.

आउटलुक एक्सप्रेस अजून कोणाकडे असेल तर तो विंडोज एक्सपीच्या यंत्रावरच असणार, आणि एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजीच संपला. त्याच्या डीबीएक्स फाइली, प्रत्येक फोल्डराची एक याप्रमाणे, तशाच उचलून दोन ठिकाणी ठेवाव्यात आणि रूपांतराचे काम जाणत्याकडून करून घ्यावे. ते यंत्र चालू आहे तोवरच हे करावे.

आता एका अशा गोष्टीकडे वळतो की जिचा उल्लेख संगणकाच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही, कारण ती आपल्याच लिपीची अडचण आहे. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वी आपण मराठी व गुजराती मजकूर श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा फॉन्टांत टाइप करीत असू. त्या काळची दरपत्रके, मंडळाची परिपत्रके, धुळे-जळगावच्या अडत्यांची हिशेबपत्रे अशा फॉन्टांतच जोडपत्र म्हणून येत. त्या फायलींत खरोखर देवनागरी अक्षर नसतेच. रोमन अक्षरांच्या सांकेतिक जागा असतात आणि फॉन्ट त्यांस देवनागरी रूप देतो. फॉन्ट नसलेल्या नव्या यंत्रात तेच पत्र उघडले तर अर्थहीन रोमन अक्षरांची रांग दिसते, आणि पत्र बिघडले असे समजून माणूस ते पुसून टाकतो. पत्र बिघडलेले नसते. जुन्या यंत्रातील फॉन्टांचे फोल्डर पत्रांबरोबर अवश्य आणावे, परवान्याचे फॉन्ट असतील तर त्यांची चकती व क्रमांक शोधून ठेवावेत, आणि महत्त्वाची तेवढी जोडपत्रे जुन्या यंत्रातच पीडीएफ करून घ्यावीत. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच शिवला जातो. मूळ फाइलही जपावी. पीडीएफ ही वाचण्याची सोय आहे.

हे सर्व केव्हा करावे? सुरतेच्या बाजारास दिवाळीनंतर लाभपंचमीपर्यंत जी सुट्टी असते तिच्याइतका योग्य काळ दुसरा नाही. त्या दिवसांत पत्रे थोडी येतात, ग्राहक दुकानात नसतो, आणि घाई करणारा कोणी नसतो. महिनाअखेर व जीएसटी भरण्याचे दिवस टाळावेत. पॉपचे खाते असेल तर काम चालू असता दोन्ही यंत्रांनी एकाच वेळी पत्रे ओढू नयेत. काही पत्रे या यंत्रात व काही त्या यंत्रात अशी वाटणी होते, आणि मग कोणते कोठे हे कोणासच कळत नाही.

पत्रे आली की मेळ घालावा. वही बदलताना आपण मागील शिल्लक नव्या पानावर ओढतो व दोन्ही बेरजा पडताळतो, येथेही तसेच. जुन्या यंत्रात प्रत्येक फोल्डरातील पत्रांची संख्या कागदावर लिहावी, नव्यात मोजावी, दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. केवळ इनबॉक्स पाहून उठू नये. पाठविलेल्या पत्रांचे फोल्डर बहुधा विसरले जाते, आणि आपण भाव मान्य केल्याचा पुरावा तेथेच असतो. सर्वांत जुने एक पत्र, मधल्या वर्षांतील दोन-चार, आणि मोठे जोडपत्र असलेले एखादे, अशी उघडून पाहावीत. नावे दिसतात पण जोडपत्र उघडत नाही, असे झाल्यास कॉपी अपुरी आहे. एखाद्या अडत्याच्या नावाने शोध घेऊन दोन्ही यंत्रांत सारखीच पत्रे निघतात का तेही पाहावे. आमच्या पेढीवर हे काम दोघांनी केले. चिरंजीवांनी आकडा सांगावयाचा व आम्ही लिहावयाचा, जसे पोती मोजताना करतात. एकट्याने मोजले की डोळा चुकतो.

जीमेलचे खाते असल्यास नव्या यंत्रात नुसता पासवर्ड चालेनासा झाला म्हणून घाबरू नये. गूगलने ३० मे २०२२ पासून केवळ नाव व पासवर्ड देऊन बाहेरच्या प्रोग्रामांस आत घेणे वैयक्तिक खात्यांपुरते थांबविले. थंडरबर्ड व आजचा आउटलुक गूगलचेच पान उघडून परवानगी मागतात, ती फोन जवळ ठेवून द्यावी. मात्र ‘तुमचे खाते बंद होत आहे, येथे पासवर्ड द्या’ असे सांगणारे पत्र याच दिवसांत आल्यास तिकडे ढुंकूनही पाहू नये. यंत्र बदलताना माणूस गोंधळलेला असतो, आणि ठकास हे ठाऊक असते.

राहिले जुने यंत्र. बदल्यात हजार-दोन हजार रुपये सुटतात म्हणून ते त्याच दिवशी देऊन टाकण्याची घाई आम्हांस मुळीच पसंत नाही. मेळ जुळला तरी त्या वर्षाचे वार्षिक विवरण भरले जाईपर्यंत ते कापडात बांधून ठेवावे. पुढे देताना त्याची हार्ड डिस्क काढून घ्यावी, किंवा ती नीट पुसून घ्यावी; नुसती कचरापेटी रिकामी केल्याने पत्रे नष्ट होत नाहीत, आणि आपले बँकेचे कागद भंगाराच्या दुकानात पोहोचतात.

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीस पूर आला आणि सुरतेचा फार मोठा भाग बुडाला, तो प्रसंग येथील कोणी विसरलेले नाही. लिंबायतमध्ये तर पावसाळ्यात मिठी खाडीचे पाणी शिरते, आणि दुकाने बहुतांशी तळमजल्यावर. नवे यंत्र, जुने यंत्र व पत्रांची डिस्क ही तिन्ही एकाच टेबलाखाली ठेवणे म्हणजे तीन प्रती असून एकही नसल्यासारखे आहे. डिस्क घरी वरच्या मजल्यावरील कपाटात ठेवावी, आणि शक्य असल्यास दुसरी प्रत गावाकडे नातलगांकडे. दोन्हींवर चिठ्ठी लावावी: कोणत्या यंत्रातून, कोणत्या तारखेस, कोणत्या प्रोग्रामची, किती पत्रे. चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी, ओल लागली तरी पेन्सिल टिकते. दर दिवाळीस वहीपूजनाच्या आदल्या दिवशी ती डिस्क एकदा जोडून उघडते का ते पाहावे, आणि त्या वर्षाची पत्रे तीत भरून पुन्हा कपाटात ठेवावी.